लिबरल की कन्झर्व्हेटिव्ह? आधी मुद्दा कोणता ते सांगा

नमस्कार,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, अठरा वर्षं झाली. मागच्या वर्षी आम्हा दोघांना सिटिझनशिप मिळाली आणि येत्या नोव्हेंबर २०२६ च्या निवडणुकीत मी पहिल्यांदा मत देणार आहे. अडचण अशी की घरातच तीन पक्ष झालेत. मुलगा एकोणीस वर्षांचा, रटगर्स विद्यापीठात आहे. तो स्वतःला लिबरल म्हणवतो. हे म्हणतात, घर घेतलं आणि टॅक्स भरायला लागला की माणूस आपोआप कन्झर्व्हेटिव्ह होतो. सासरे सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेत. ते रोज जेवताना विचारतात, "म्हणजे यांच्यातला भाजप कोण आणि काँग्रेस कोण?" आणि उत्तर ऐकून न घेता स्वतःच सांगायला लागतात. परवा बंदुकीवरून निघालेला विषय टॅक्सवर गेला, तिथून गर्भपातावर, आणि मुलगा ताट अर्धं टाकून उठला. मला राजकारणातलं फार कळत नाही. दोघांचंही थोडं थोडं पटतं, पण तसं म्हणायची घरात सोय उरलेली नाही. या दोन बाजूंत नेमका फरक काय, आणि माझ्यासारखीनं ठरवायचं कसं?

– दोन्हीकडची, एडिसन

ताई, नमस्कार.

दोघांचंही थोडं थोडं पटतं यात बिघडलं काहीच नाही. अमेरिकेत लोकांना "तुम्ही स्वतःला काय म्हणवता?" असं विचारलं की साधारण तिघांतला एक जण 'मध्यममार्गी' असंच सांगतो. टीव्हीवर तो दिसत नाही, कारण त्याला बोलावून कार्यक्रम रंगत नाही.

आधी तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न घेऊ, कारण निम्मा गोंधळ तिथला आहे. भाजप म्हणजे रिपब्लिकन आणि काँग्रेस म्हणजे डेमोक्रॅट ही जोडी धर्म, राष्ट्रवाद, परंपरा एवढ्यापुरती थोडीफार जुळते. पैशाचा विषय निघाला की मोडते. २०२४ ची महाराष्ट्रातली निवडणूक त्यांना आठवत असेल. 'लाडकी बहीण'चे दीड हजार महायुतीनं दिले आणि एकवीसशे करू म्हणाली, तर महाविकास आघाडीनं तीन हजारांचं वचन दिलं. वाद रकमेचा होता. सरकारनं बायकांच्या खात्यात दरमहा पैसे टाकावेत की नाही, यावर कोणी निवडणूक लढवली नाही. अमेरिकेत तेच लढवतात. ऐंशी कोटी लोकांना फुकट धान्य देणारं सरकार इथल्या जुन्या पठडीच्या कन्झर्व्हेटिव्हाला डावंच वाटेल, मग ते राम मंदिर बांधो की आणखी काही. तेव्हा ही जोडी सोडून द्या म्हणावं. रंगसुद्धा उलटे आहेत: लाल म्हणजे रिपब्लिकन, निळा म्हणजे डेमोक्रॅट. आणि तुमच्या नोव्हेंबरच्या निवडणुकीला मराठी पेपर 'मध्यावधी' म्हणतात म्हणून सरकार पडलंय अशी त्यांची समजूत होऊ देऊ नका. ती ठरलेल्या तारखेचीच असते.

दुसरा घोळ शब्दाचा. लिबरलला आपण 'उदारमतवादी' म्हणतो आणि डोळ्यांपुढे रानडे-गोखले येतात. त्यांच्या काळच्या ब्रिटिश अर्थानं लिबरल म्हणजे व्यक्तीचं स्वातंत्र्य मोठं मानणारा आणि सरकारच्या हातात कमीत कमी द्यावं म्हणणारा. ऑस्ट्रेलियात आजही 'लिबरल पार्टी' हा उजवीकडचा पक्ष आहे. सिडनीतला तुमचा चुलतभाऊ 'मी लिबरलला मत दिलं' म्हणाला तर तुमच्या मुलानं लगेच टाळी द्यायला जाऊ नये. अमेरिकेत हा शब्द १९३० च्या दशकात फिरला. मंदीत फ्रँकलिन रूझवेल्टनं सरकारला रोजगार, पेन्शन, बँकांवर देखरेख अशी कामं दिली आणि तेव्हापासून लिबरल म्हणजे 'व्यक्तीला खरं स्वातंत्र्य हवं तर सरकारनं तिच्या पायाखाली काहीतरी ठेवलं पाहिजे' असं मानणारा. त्याला विरोध करणारे ते कन्झर्व्हेटिव्ह. त्यांच्यातही पहिल्यापासून दोन घरं आहेत, एक बाजार मोकळा ठेवा म्हणणारं आणि दुसरं कुटुंब, चर्च, परंपरा सांभाळा म्हणणारं. ही दोन घरं एका छपराखाली नांदतात, पण भिंत असते.

मराठी माणसाला हा झगडा परका नाही. १८९१ चं संमतिवयाचं बिल घ्या. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करायचं होतं. आगरकर म्हणाले, कायदा हवाच. टिळकांचा आक्षेप होता की समाजाची सुधारणा समाजानं आतून करावी, परक्या सरकारनं कायद्याचा दंडुका घेऊन घरात शिरू नये. आज कोणाचं बरोबर वाटतं ते बाजूला ठेवा. ही वादाची जात ओळखा. अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक भांडणांत हेच विचारलं जातं: हे काम कोणाचं? सरकारचं, की घराचं, देवळाचं, बाजाराचं? सरकारचं म्हणाल तर कुठल्या सरकारचं, वॉशिंग्टनचं की राज्याचं? आणि पैसे कोण भरणार? मुद्दा कुठलाही येवो, हे तीन प्रश्न विचारले की माणूस कुठे उभा आहे ते कळतं. 'लिबरल' आणि 'कन्झर्व्हेटिव्ह' या पाट्या त्यानंतर लावायच्या, आणि नाही लावल्या तरी चालतं.

आता यजमानांचा टॅक्स. मोठ्या रेषेत बघाल तर कन्झर्व्हेटिव्ह म्हणतो, कमावलेला पैसा ज्याचा त्याच्याकडे राहिला तर तो गुंतवतो, धंदा वाढतो, सरकारपेक्षा तो नीट खर्च करतो. लिबरल म्हणतो, शाळा, रस्ते, न्यायालयं यांच्या जिवावरच तो कमावतो, म्हणून जास्त कमावणाऱ्यानं जास्त दरानं भरावं. २०१७ च्या रिपब्लिकन कायद्यानं वरचा दर ३९.६ वरून ३७ टक्के केला आणि कंपन्यांचा ३५ वरून थेट २१.

जेवणाच्या टेबलावर बहुधा एक चूक होत असणार. "पगार वाढला तर चोवीस टक्क्यांत जाऊ, सगळं सरकारच खाईल" हे वाक्य तुमच्याकडेही ऐकू आलं असेल. आपल्याकडच्या स्लॅबसारखंच इथंही वाढीव तुकड्यालाच वाढीव दर लागतो. २०२५ मध्ये नवरा-बायको एकत्र भरत असतील तर २,०६,७०० डॉलर करपात्र उत्पन्नापर्यंत २२ टक्के आणि त्याच्या वर २४. समजा उत्पन्न २,१६,७०० झालं. वरच्या दहा हजारांवर २,२०० ऐवजी २,४०० जातील. फरक दोनशे डॉलरचा. एवढ्यावरून कोणी कन्झर्व्हेटिव्ह होत असेल तर त्यानं आधी आकडेमोड करावी. आणि मुलाचंही एक वाक्य तपासून घ्या, "श्रीमंत लोक काही भरतच नाहीत." फेडरल इन्कम टॅक्सचा मोठा वाटा वरच्या उत्पन्नगटाकडूनच येतो. भांडायचं तर त्या वाट्यात आणखी किती भर घालावी यावर भांडता येतं.

पण तुमच्या घराच्या खऱ्या जिव्हाळ्याचा टॅक्स वेगळाच आहे, आणि तिथे दोन्ही पाट्या कोलमडतात. न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्सचं सरासरी बिल आता वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर गेलंय. २०१७ च्या त्याच कायद्यानं राज्य आणि स्थानिक करांची वजावट दहा हजारांवर थांबवली. हीच ती 'सॉल्ट कॅप'. तुमचा प्रॉपर्टी टॅक्स १२ हजार आणि राज्याचा इन्कम टॅक्स ९ हजार धरा. एकवीसपैकी अकरा हजार वजावटीतून बाहेर. २४ टक्क्यांच्या गटात असाल तर वर्षाला २,६४० डॉलर जास्त गेले, अर्थात कर्जाचं व्याज वगैरे मिळून तुम्ही वजावटी एकेक करून दाखवत असाल तर. त्या वेळी न्यू जर्सीतून हाउसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, पाच रिपब्लिकन होते. त्यांतल्या चौघांनी स्वतःच्या पक्षाच्या या विधेयकाविरुद्ध मत दिलं. दुसरीकडे, ही वजावट पुन्हा मोकळी करा म्हणून न्यू जर्सी-न्यूयॉर्कचे डेमोक्रॅट भांडत होते, तेव्हा बर्नी सँडर्ससारख्या डाव्या सेनेटरनं 'हा श्रीमंतांना दिलेला फायदा' म्हणून नाक मुरडलं. शेवटी २०२५ च्या रिपब्लिकन कायद्यानं मर्यादा चाळीस हजारांवर नेली, उत्पन्न पाच लाखांच्या वर गेलं की ती हळूहळू कमी होते. आता सांगा, या मुद्द्यावर यजमान कुठल्या बाजूचे? ते न्यू जर्सीच्या बाजूचे.

किमान वेतनाचा मुद्दा ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानात उभं राहून बघा, पुस्तकात बघण्यापेक्षा लवकर कळेल. फेडरल किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून हललेलं नाही. न्यू जर्सीत २०२५ मध्ये ते १५.४९ होतं. आपल्या राज्याची राजधानी ट्रेन्टन, तिथला पूल ओलांडून पेनसिल्वेनियात गेलात की पुन्हा ७.२५. दुकानात सहा माणसं आठवड्याला चाळीस तास काम करतात असं धरलं तर दोन दरांमधला फरक आठवड्याला सुमारे १,९७८ डॉलर, म्हणजे वर्षाला लाखाच्या वर. त्यावर मालकाच्या वाट्याचा ७.६५ टक्के पेरोल टॅक्स आणखी. कन्झर्व्हेटिव्ह म्हणतो, हा पैसा कुठून येणार? मालक तास कमी करणार, कॉलेजच्या पोरांना ठेवणार नाही, कोथिंबिरीची जुडी महाग करणार. लिबरलचा हिशेब दुसऱ्या टोकाकडून सुरू होतो. ७.२५ नं पूर्णवेळ वर्षभर राबलं तर हातात १५,०८० डॉलर येतात, आणि तिघांच्या कुटुंबाची २०२५ ची सरकारी दारिद्र्यरेषा २६,६५० आहे. मग ते कुटुंब फूड स्टॅम्प (अन्नासाठी सरकारी मदत) आणि मेडिकेडवर (गरिबांचा सरकारी विमा) जातं, म्हणजे मालकाचा स्वस्त मजूर तुम्हीआम्ही टॅक्समधून पोसतो. दोन्ही हिशेब खरे आहेत. मतभेद आहे तो फटका कोणी सोसावा यावर. आणि मतदार पाट्या कसे पाळत नाहीत ते पाहायचं असेल तर फ्लोरिडा बघा. २०२० मध्ये एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर, तिथल्या लोकांनी ट्रम्पना जिंकवलं आणि किमान वेतन टप्प्याटप्प्यानं १५ डॉलर करायची घटनादुरुस्तीही साठ टक्क्यांहून जास्त मतांनी पास केली.

आरोग्यविम्याबद्दल थोडक्यात. २०१० च्या ओबामाकेअर कायद्यामुळे तुमचा मुलगा सव्विसाव्या वर्षापर्यंत तुमच्या विम्यावर राहू शकतो. या कलमाला आता फारसं कोणी हात लावत नाही. खरा राग होता विमा घेतलाच पाहिजे या सक्तीवर. तिचा दंड २०१७ च्या कायद्यानं शून्य केला. गंमत अशी की तशीच सक्ती २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्सनं केली तेव्हा गव्हर्नर होते मिट रॉम्नी, रिपब्लिकन.

बंदुकीवर तुमच्या घरी बहुतेक सगळे एकाच बाजूला असतील, कारण आपण सगळे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या देशातून आलोय. तिथे परवाना ही सरकारची मेहेरबानी. इथे शस्त्र बाळगणं घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीतला हक्क आहे. घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क असल्याचं सुप्रीम कोर्टानं २००८ मध्ये सांगितलं. २०२२ मध्ये न्यूयॉर्कची 'बाहेर न्यायला खास कारण दाखवा' ही अट रद्द झाली, तेव्हा न्यू जर्सीचीही तशी अट गेली. म्हणून "सगळ्या बंदुका बंद करा" हे वाक्य टेबलावर फेकून काही हाती लागत नाही, तो पर्याय मतपत्रिकेवर नसतोच. वाद मधल्या जागेत चालतो: विकण्याआधी चौकशी किती खोल, मॅगझिनमध्ये गोळ्या किती, वय किती. आणि तिथे तडजोड होते. २०२२ च्या कायद्यात एकवीस वर्षांखालच्या गिऱ्हाइकाची जास्त चौकशी आली, आणि त्याला सेनेटमध्ये पंधरा रिपब्लिकनांनी मत दिलं. तुम्ही 'बंदुका नकोत' म्हणता तेव्हा मोंटानातल्या शेतकऱ्याला ऐकू येतं, 'पोलीस पोहोचायला पाऊण तास लागला तर तुझं तू बघ.' तो वेडा नसतो, हे मुलाला सांगा. आणि त्या शेतकऱ्याला आवडतो तोच कायदा एडिसनच्या शाळेशेजारी का नको वाटतो, हे यजमानांना मुलाकडून ऐकू द्या.

गर्भपातापाशी ताट टाकून उठण्यापर्यंत वेळ आली ती उगाच नाही. इथे सासरे आणि नातू एकाच शब्दाबद्दल बोलत नसतात. भारतात गर्भपाताचा कायदा १९७१ मध्येच झाला, २०२१ मध्ये काही गटांसाठी मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली, आणि त्यावरून एकही निवडणूक लढवली गेली नाही. महाराष्ट्रातल्या माणसाला हा शब्द ऐकला की सोनोग्राफी आणि 'मुलगी नको' आठवतं. गर्भलिंगनिदानावर देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानंच केला. म्हणून 'गर्भपाताचा हक्क' असं नातू म्हणाला की आजोबांना त्यात भ्रूणहत्येचा वास येतो. नातू मात्र बोलत असतो ते एखाद्या राज्यात डॉक्टर तुरुंगाच्या भीतीनं हात आखडतो त्याबद्दल. अमेरिकन कन्झर्व्हेटिव्हाचा मुद्दा आणखी तिसराच आहे: गर्भ हा जीव आहे, तर त्याचं रक्षण कायद्यानं का करू नये? त्याला नुसतं 'स्त्रीविरोधी' म्हटलं की संवाद संपतो, कारण त्याच्याकडच्या कितीतरी बायका हेच मानतात. लिबरलच्या मते हा निर्णय त्या स्त्रीचा आणि तिच्या डॉक्टरचा, सरकारनं मध्ये पडू नये. बघा, इथे सरकारला बाहेर ठेवणारा लिबरल आहे.

जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं गर्भपात हा देशभर घटनात्मक हक्क मानणारा १९७३ चा 'रो' निकाल रद्द करून विषय राज्यांकडे दिला. त्याच ऑगस्टमध्ये पक्क्या रिपब्लिकन कॅन्ससमध्ये गर्भपाताचं घटनात्मक संरक्षण काढायचा प्रस्ताव आला, तो सुमारे ५९ टक्के मतांनी पडला. न्यू जर्सीत जानेवारी २०२२ मध्येच हा हक्क राज्याच्या कायद्यात लिहिला गेलाय. तेव्हा हा मुद्दा तुमच्या यादीत असेल तर ट्रेन्टनला कोण जातं ते बघा, आणि देशभरासाठी एकच कायदा करा म्हणणाऱ्यांसाठी, मग तो बंदीचा असो की हक्काचा, वॉशिंग्टनला कोण जातं तेही.

'अफर्मेटिव्ह ॲक्शन'चं भाषांतर 'आरक्षण' करू नका, एवढी एक विनंती. आपल्याकडे जागा राखीव असतात आणि भांडण १९९२ च्या निकालातल्या पन्नास टक्क्यांच्या मर्यादेवर चालतं. अमेरिकेत कॉलेजांतला ठरावीक कोटा १९७८ मध्येच बेकायदा ठरला. उरला होता तो प्रवेश देताना वंशाचाही विचार करायची मुभा. तीही जून २०२३ च्या हार्वर्ड खटल्यात गेली. या विषयावर आपली माणसं इकडून तिकडे उड्या मारतात: मुलीच्या प्रवेशापुरते कन्झर्व्हेटिव्ह, स्वतःच्या बढतीत भेदभाव झाला की लिबरल. आणि 'निळ्या' कॅलिफोर्नियात २०२० मध्ये अशी मुभा परत आणायचा प्रस्ताव मतदारांनी सुमारे ५७ टक्क्यांनी फेटाळला, हे मुलाला माहीत नसेल.

इमिग्रेशनमध्ये सीमेवरचा प्रश्न आणि तुमच्या भाच्याचा एच-वन-बी हे दोन वेगळे विषय आहेत. पहिल्यात रेषा स्पष्ट आहे: आधी कायदा राबवा आणि सीमा आवळा, की आत असलेल्यांना कायदेशीर वाट द्या. दुसऱ्यात रेषा दोन्ही पक्षांच्या मधून जाते. एच-वन-बी कडक करायचं विधेयक रिपब्लिकन सेनेटर ग्रासली आणि डेमोक्रॅट सेनेटर डर्बिन मिळून आणतात. सँडर्स या व्हिसावर टीका करतात, उद्योगपती त्याची बाजू घेतात, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली ती ट्रम्पनी. ग्रीन कार्डाची आपली लांबलचक रांग ज्या सात टक्क्यांच्या देशवार मर्यादेमुळे आहे, ती नोकरीच्या ग्रीन कार्डांसाठी काढायचं विधेयक २०१९ मध्ये हाउसमध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास झालं होतं. कायदा मात्र झाला नाही. या विषयावर पक्ष बघून मत देणारा बहुतेक फसतो. उमेदवाराला थेट विचारा, "सात टक्क्यांची मर्यादा काढायच्या बाजूनं मत द्याल का?" हो किंवा नाही. "इमिग्रंट समाजाचं योगदान मोठं आहे" हे उत्तर नव्हे.

पाट्या किती सरकतात याचा एकच दाखला देतो. १९९३ मध्ये नाफ्ता, म्हणजे कॅनडा-मेक्सिकोशी खुल्या व्यापाराचा करार, हाउसमध्ये पास झाला तो १३२ रिपब्लिकन आणि १०२ डेमोक्रॅट मतांवर. खुला व्यापार हे तेव्हा कन्झर्व्हेटिव्हांचं दैवत. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या मालावर एकूण ५० टक्के आयातशुल्क लावलं ते रिपब्लिकन अध्यक्षांनी. वीस वर्षांपूर्वी 'मी कन्झर्व्हेटिव्ह' म्हणालेला माणूस न हलताही आज दुसऱ्या घरात सापडू शकतो.

आता ठरवायचं कसं. एक कागद घ्या. तुमच्या घरावर थेट परिणाम करणारे तीन मुद्दे लिहा आणि परिणाम होत नसला तरी मनाला लागणारे दोन. पाचच. प्रत्येकापुढे तो कुठे ठरतो ते लिहा. शाळेच्या लायब्ररीतलं पुस्तक आणि गणिताचा वरचा वर्ग स्कूल बोर्ड ठरवतं. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलाचा साधारण निम्मा हिस्सा शाळांचाच असतो, बाकी गाव आणि काउंटी. किमान वेतन, गर्भपात, बंदुकीचे बहुतेक नियम ट्रेन्टनला. ग्रीन कार्ड, आयातशुल्क, फेडरल टॅक्स वॉशिंग्टनला. मग निवडणुकीआधी काउंटीकडून घरी येणारी सॅम्पल बॅलट (नमुना मतपत्रिका) हातात घ्या आणि खालून वर वाचा. लोक वरच्या एका नावावर भांडतात आणि खालची स्कूल बोर्डाची जागा कोरी सोडतात. तिथे पक्षाचं नाव नसतं, मुदत तीन वर्षांची असते, आणि थोड्या मतांनी निकाल फिरतो.

उमेदवार आधीपासून पदावर असेल तर त्याची भाषणं सोडा, त्यानं दिलेली मतं बघा. ज्या विधेयकावर नोंदवून मतदान झालं, त्यावर कोणी काय मत दिलं ते अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, संकेतस्थळावर नावानिशी सापडतं. लीग ऑफ विमेन व्होटर्स ही संस्था उमेदवारांना लेखी प्रश्न पाठवून उत्तरं छापते. ज्यानं उत्तरच दिलं नाही, त्याच्या नावापुढे तेही टिपून ठेवा.

जेवणाच्या टेबलासाठी नियम दोनच, जास्त केले तर कोणी पाळत नाही. एका जेवणाला एक मुद्दा, आणि तोही 'गन' किंवा 'टॅक्स' असा नव्हे तर एखादा निर्णय: "किमान वेतन पेनसिल्वेनियातही पंधरा करावं का?" बंदुकीवरून टॅक्सवर उडी पडली की आमटी वाढायची आणि विषय बंद. दुसरा नियम जड आहे: स्वतःचं बोलण्याआधी समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं की तो "हो, हेच म्हणतोय मी" म्हणाला पाहिजे. यजमानांनी लिबरल बाजू मांडायची, मुलानं कन्झर्व्हेटिव्ह. पहिले दोन दिवस दोघंही नाटकी करतील, चालू द्या. बहुतेक भांडणं पेटतात ती आपल्या बाजूचा सगळ्यात शहाणा माणूस आणि त्यांच्या बाजूचा सगळ्यात येडा माणूस शेजारी ठेवल्यामुळे, आणि तो येडा माणूस मोबाइलमध्ये कायम तयार असतो. म्हणून मोबाइल दुसऱ्या खोलीत. सासऱ्यांना पंच करा. त्यांना मत नाही, म्हणून ते निःपक्षपाती, असं सांगितलं तर आवडेल त्यांना.

त्यांच्याबद्दलच एक सावधगिरी. टूरिस्ट व्हिसावर किंवा एच-वन-बीवर असलेल्या कोणीही उमेदवाराला देणगी देऊ नये. अगदी गावच्या कौन्सिलच्या निवडणुकीलाही नाही. गणपतीत ओळख झालेल्या आपल्या माणसाच्या फंडरेझरचं पन्नास डॉलरचं तिकीट हीसुद्धा देणगीच. ग्रीन कार्डवाला देणगी देऊ शकतो, पण मत देऊ शकत नाही. लायसन्स काढताना समोर आलेल्या मतदार नोंदणीच्या चौकोनात त्यानं चुकून टिक केली तर पुढे सिटिझनशिपच्या वेळी, कधी त्याआधीच, ते महागात पडतं. आणि तुमचं मराठी मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था, असेल तर मंडळाच्या स्टेजवरून 'अमुक यांना मत द्या' म्हणता येत नाही, मग उमेदवार कितीही आपला असो.

नोंदणीची शेवटची तारीख मतदानाच्या एकवीस दिवस आधी, म्हणजे ३ नोव्हेंबरसाठी १३ ऑक्टोबर. मतदान सकाळी सहा ते रात्री आठ. गर्दी नको असेल तर त्याआधी एकूण नऊ दिवस लवकर मतदानासाठी केंद्रं उघडी असतात, नाहीतर पोस्टानं. मुलानं घरचा पत्ता द्यावा किंवा कॉलेजचा, न्यू ब्रन्सविकचा, एकच. जूनची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, वेगळी: तुम्ही कुठल्याच पक्षात नोंदलेल्या नसाल तर त्या दिवशी केंद्रावर जाऊन कुठला पक्ष ते सांगून मत देता येतं. पण त्यानं तुमची त्या पक्षात नोंद होते, आणि पुढच्या खेपेला दुसरीकडे जायचं तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. तुम्ही 'दोन्हीकडच्या' आहात, म्हणून ही तारीख फ्रिजवर लावून ठेवा.